बांधलेला ठिपका

ठिपका हलत नव्हता, आणि घरात सगळ्यांना त्याचंच बरं वाटत होतं.

जेवणं उरकली होती. बाबा, म्हणजे माझे सासरे, पडवीत आपल्या खुर्चीत बसले होते. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात कायमचा मांडीवर पडून असायचा, मांजर झोपल्यासारखा. समोरच्या स्टुलावर माझा लॅपटॉप उघडा होता. स्क्रीनवर निळा समुद्र, उजव्या कडेला सर्जेकोटची जेटी, आणि पश्चिमेला बऱ्याच अंतरावर एक लाल ठिपका. तो ठिपका म्हणजे आमची 'गंगालक्ष्मी'. तिच्यावर माझा नवरा गितेश आणि दोन खलाशी.

"नांगरार आसा," बाबा म्हणाले. आजारानंतर त्यांचे शब्द ओले होऊन यायचे, पण मला आता ते कळायचे. "मासो लागलो आसतलो. येतलो."

गितेश पहाटे बाहेरच्या खडपावर गेला होता. खडप म्हणजे समुद्राच्या पोटातला खडक. त्यावर नांगर टाकायचा, गळ सोडून बसायचं, आणि ऊन चढायच्या आत परत फिरायचं, अशी त्यांची रीत. आज ऊन चढून, डोक्यावर येऊन, उतरायलाही लागलं होतं. तिथे फोन लागत नाही. बोटीवर वायरलेस होता, पण सकाळपासून त्याच्यावर गितेशचा आवाज आला नव्हता. त्याचंही नवल कुणाला वाटत नव्हतं. मासे लागले की गितेश वायरलेस बंदच करून ठेवतो, नाहीतर सगळी वाडी त्या जागेवर येऊन बसते.

मी मांडीवर मुक्ताला घेऊन बसले होते. दहा महिन्यांची होती, दात येत होते, माझ्या ओढणीचं टोक चावून चावून तिने चिंब केलं होतं. माझं लक्ष मात्र ठिपक्याकडे नव्हतं. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक आकडा असतो, तिकडे होतं.

ते यंत्र मी बनवलं होतं. एक जीपीएस रिसीव्हर, त्याला जोडलेला एक छोटा रेडिओ, आणि दोन्हींना पुरेल अशी त्याची स्वतःची बॅटरी, हे सगळं जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत. वाडीतल्या पाच-सहा बोटींवर ते बसवलं होतं. रिसीव्हर आकाशातल्या उपग्रहांचं ऐकून आपली जागा ठरवतो, रेडिओ ती जागा आमच्या घरामागच्या डोंगरीवर उभ्या केलेल्या अँटेनाला सांगतो. संकटात दाबायचं बटण त्यावर नव्हतं. पेटीच्या पुढच्या आवृत्तीत ते होणार होतं. कोपऱ्यातला तो आकडा म्हणजे रेडिओचा आवाज आमच्यापर्यंत किती जोरात पोचतोय त्याचं माप.

आणि तो आकडा सकाळपासून उतरत होता. घाईने नाही. विहिरीचं पाणी उतरतं तसा. मघा बघितलं त्यापेक्षा आता थोडा कमी, आता बघितलं त्यापेक्षा नंतर थोडा कमी.

मी बाबांना म्हटलं, बोट नांगरावर असेल तर आवाज कमी का होतोय? जागा तीच, मग आवाजही तोच हवा.

बाबांनी आकड्याकडे बघितलंही नाही. बॅटरी उतरली असेल, म्हणाले. किंवा अँटेनावर कावळा बसला असेल. मग, मला वाईट वाटू नये म्हणून असेल, डाव्या हाताने मुक्ताच्या पायाचा अंगठा हलवला.

"बाबा, जयवंतदादांना सांगूया का? फक्त जाऊन बघून या म्हणून."

स्वयंपाकघरात आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आडाळ्यावर नारळ खवत होत्या, खस्स खस्स. बाबांनी मान माझ्याकडे वळवली.

"परत?" ते म्हणाले.

एवढं एकच. पण त्यात सगळं आलं.

महिन्याभरापूर्वी मी हेच केलं होतं. तेव्हा ठिपका हलत होता. गितेश नांगरावर होता आणि ठिपका इकडून तिकडे जात होता, मध्येच उडी मारत होता, एकदा तर दक्षिणेला बराच सरकून परत आला. मी इचलकरंजीची. रत्नागिरीला इंजिनिअरिंगला येईपर्यंत समुद्र मी सहलीतच पाहिलेला. जीपीएसचा ठिपका थांबल्या जागीही थोडा भटकतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. हाताने त्यावर प्रकल्प केला होता. पण बाळंतपणानंतर ठाऊक असणं आणि धीर असणं ह्या दोन गोष्टी माझ्यात वेगळ्या राहू लागल्या होत्या. मी रडत शेजारच्या जयवंतदादांच्या दारात गेले. बिचाऱ्याने दारात दुरुस्तीला काढलेली जाळी अर्धी टाकून बोट हाकली. जाऊन बघतो तर गितेश नांगरावर बसून भाकरी खात होता, आणि त्याने जयवंतदादांनाही दोन घास खाऊन जायचा आग्रह केला.

त्यानंतर कितीतरी दिवस जेटीवर कुणी दिसलं की विचारायचं, काय वैनी, आज ठिपको बरो आसा मां? घाटावरची सून ठिपक्याला भिते, हे पार पलीकडच्या वाडीपर्यंत पोचलं. गितेश हसला नाही. फक्त म्हणाला, "तू रात्रभर ते बघत बसतेस, ऋजुता. असं कसं चालेल?"

चालत नव्हतंच. झोप नव्हती, आणि दूधही कमी झालं होतं. मुक्ता छातीशी रडायची, आई बडीशेप आणि खसखशीची खीर करून द्यायच्या, आणि मी खीर खाता खाता ठिपका बघायचे.

मग अलीकडे ठिपका आपोआप शहाणा झाला. नांगरावर असला की खिळा ठोकल्यासारखा उभा. मला वाटलं, ऑक्टोबर उजाडला, आकाश निवळलं, उपग्रह नीट दिसत असतील. कारण शोधायला मी गेले नाही. मला झोप लागायला लागली होती, बाळ पोटभर पीत होतं, आणि सुखाचं कारण माणूस कशाला शोधेल.

त्या दुपारी ते सुखच मला खुपायला लागलं.

मी आकडे मोठे करून बघितले. अक्षांश, रेखांश, दशांश चिन्हानंतरचे सगळे अंक. सकाळी सातपासून आतापर्यंत एकही अंक बदलला नव्हता. शेवटचासुद्धा नाही. नांगरावरची बोट अशी नसते. नांगराची दोरी लांब असते, वारा फिरला, भरती-ओहोटी फिरली की बोट दोरीच्या टोकाला गोल फिरते, दावणीच्या म्हशीसारखी. आपली जागा शेवटच्या अंकापर्यंत तीच सांगणारी गोष्ट एकच असते: जिला आपली जागा सांगायची मुभाच नाही.

"बाबा, हा ठिपका खरा नाही," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. गंमत अशी की यंत्र बसवलं तेव्हा सगळ्यात जास्त हसले होते तेच. समुद्रात खुटी मारून कोणी पत्ता लिहितं का, म्हणाले होते. पण आजारपणात समुद्र तुटला, आणि तो लाल ठिपका हाच त्यांचा समुद्र झाला. दिवसभर त्याच्यासमोर बसायचे. आता मी त्यांना सांगत होते की तो खोटा आहे.

"तूच केलंस मां ता?" ते म्हणाले. "आणि आता तूच खोटां म्हणतंस?"

मी खिडकी बदलली, ती काळी, ज्यात रिसीव्हरशी थेट बोलता येतं.

रिसीव्हरला मराठी येत नाही, इंग्रजीही नाही. त्याला फक्त आकड्यांची ओळ कळते. ओळीची सुरुवात ठरलेली, बी-फाइव्ह सिक्स-टू. ती हाक. हाक ऐकली की तो कान टवकारतो. मग कुठल्या विषयावर बोलायचंय त्याचे दोन आकडे, मग निरोप किती लांबीचा आहे ते, मग निरोप, आणि शेवटी दोन आकड्यांची बेरीज-खूण, म्हणजे वाटेत काही सांडलं तर त्याला कळावं. कॉलेजात आम्ही हे एकत्र शिकलो, गितेश आणि मी, एकाच टेबलावर. लांबी लिहिताना लहान आकडा आधी आणि मोठा नंतर का, हे मला काही केल्या लक्षात राहायचं नाही. तो म्हणाला होता, "सोपं आहे की. छत्तीस म्हणताना आपण आधी सहा म्हणतो, मग तीस. हा रिसीव्हर मराठी माणूस आहे." त्या एका वाक्यावर मी त्याच्या प्रेमात पडले असं मी मैत्रिणींना सांगते, आणि ते फारसं खोटं नाही. तिसऱ्या वर्षी बाबांना झटका आला आणि गितेश कॉलेज सोडून बोटीवर गेला. मी पास होऊन त्याच्या मागे आले.

मी आधी काही बदलायचं नाही असं ठरवलं. फक्त विचारायचं, तुझ्या सेटिंग काय आहेत ते सांग. अशा प्रश्नाला निरोप रिकामाच असतो. हाक, विषय, लांबी शून्य, बेरीज. मी ओळ लिहिली आणि पाठवली. डोंगरीवरच्या अँटेनातून ती निघाली असेल, पाण्यावरून गेली असेल.

बराच वेळ काही आलं नाही. मुक्ताने लॅपटॉपच्या कडेला हात मारला, मी तिला मागे ओढलं.

मग उत्तर आलं. आकड्यांची लांब ओळ, डावीकडून उजवीकडे भरत गेली. ही ओळ मला पाठ होती, प्रत्येक पेटी बोटीवर चढवण्याआधी मी ती स्वतः लिहिली होती. बोट की गाडी की माणूस ह्या जागी 'समुद्र'. बरोबर. पुढचं बरोबर. आणि मग त्या जागी, जिथे मी प्रत्येक पेटीत शून्य ठेवलं होतं, तिथे शून्य नव्हतं. फोर-डी होतं.

रिसीव्हर दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजतो, त्यात फोर-डी म्हणजे सत्त्याहत्तर. म्हणजे सेकंदाला सत्त्याहत्तर सेंटिमीटर.

हे सेटिंग गाड्यांसाठी असतं. गाडी सिग्नलला थांबली की नकाशावर ती शेजारच्या दुकानात शिरलेली दिसू नये म्हणून रिसीव्हरला सांगता येतं: अमुक वेगाच्या खाली असशील तर तू थांबलेला आहेस असं समज, आणि शेवटची जागाच सांगत राहा. सत्त्याहत्तर सेंटिमीटर म्हणजे मुक्ता रांगते त्याहून जरा जास्त. ह्या वेगाच्या खाली 'गंगालक्ष्मी' कुठेही गेली, कितीही वेळ गेली, तरी ठिपका जागेवर.

आणि सकाळपासून मतलई सुटली होती. मतलई म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. एरवी ऊन चढलं की ती पडते. त्या दिवशी पडली नव्हती, माडांची झावळं अजून पश्चिमेला वाकलेली होती.

"कोणीतरी ठिपका बांधून ठेवलाय," मी म्हणाले. कुणाला म्हणाले ते मलाही कळलं नाही.

आतला खस्स खस्स आवाज थांबला.

आई दारात येऊन उभ्या राहिल्या. हाताला खोबरं लागलेलं. "काय झालां गो?"

मी सांगितलं. जेवढं सांगता आलं तेवढं. बोट नांगरावर नसेल, वाहत असेल, इंजिन बंद असेल, आणि हा ठिपका आपल्याला सांगणार नाही, कारण त्याला तसं शिकवून ठेवलंय. आईंनी पदराला हात पुसले, परत पुसले. तोंडावर काहीच नव्हतं. वाडीतली कुठलीही बाई अशा वेळी कपाळाला हात लावते. त्यांनी नाही लावला.

"सोड मगे त्याका," एवढंच त्या म्हणाल्या.

मी नवीन ओळ लिहायला घेतली. आधीचीच, फक्त फोर-डीच्या जागी शून्य. चव्वेचाळीस आकडे. बेरीज करणारा माझा छोटा प्रोग्राम होता, त्याने शेवटच्या दोन जागा भरून दिल्या. तेवढ्यात मुक्ता ओढणी सोडून पुढे झेपावली. मी तिला सावरलं आणि ओळ पाठवली.

रिसीव्हरला निरोप पटला तर तो हो म्हणतो. निरोप कळला पण मान्य नसेल तर नाही म्हणतो. दोन्ही उत्तरं छोटी, ठरलेली. मी त्या दोनांपैकी एकाची वाट बघत होते. काहीच आलं नाही.

कोपऱ्यातला आकडा आणखी उतरला होता.

मी तीच ओळ परत पाठवली. काही नाही. बाबा म्हणाले, मेला काय तो? मला तेच वाटत होतं, की पल्ल्याबाहेर गेली बोट. आता ओरडून उपयोग नाही. आणि हा ठिपका असाच उभा राहणार, उद्यापर्यंत, परवापर्यंत, बॅटरी संपेपर्यंत, घरातल्या देवासारखा.

"चेडवाक दी हय," आई म्हणाल्या आणि मुक्ताला माझ्या मांडीवरून उचललं.

मांडी मोकळी झाली तेव्हा मला कीबोर्ड पूर्ण दिसला. मधल्या की मुक्ताच्या लाळेने चकचकत होत्या.

निरोप चुकीचा असेल तर रिसीव्हर नाही म्हणतो. पण बेरीज जुळली नाही तर तो हूं की चूं करत नाही. ऐकलंच नाही असं समजतो. मी ओळ सुरुवातीपासून वाचली, बोट ठेवून, पाटीवर शिकवतात तशी. एकविसाव्या जागेवर शून्य-शून्य हवं होतं, तिथे शून्य-आठ होतं. बेरीज झाल्यावर माझ्या लेकीने आपला एक आकडा घातला होता.

आठ पुसला. परत पाठवलं.

मला वाटतं आम्ही तिघंही श्वास धरून होतो, चौथी खोबऱ्याचा तुकडा चोखत होती. मग स्क्रीनवर उत्तर उमटलं. शून्य-पाच, शून्य-एक. हो.

त्याच क्षणी ठिपका उडाला.

सरकला नाही, उडाला. होता तिथून नाहीसा झाला आणि दिसेना. मी नकाशा लहान केला, अजून लहान केला. मग तो दिसला, पश्चिमेला, इतका दूर की जेटी आणि तो एका स्क्रीनवर मावायला किनाऱ्याचा अर्धा तालुका आत घ्यावा लागला. आणि तो हलत होता. हळू हळू, रांगणाऱ्या पोरासारखा, आणखी पश्चिमेला.

बाबा खुर्चीत पुढे झाले. त्यांचा डावा हात स्टुलाच्या कडेवर आला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पण त्यांचा श्वास ऐकू आला.

"फोन लाव," ते म्हणाले. "जयवंताक."

फोनवर मी बोलले असते तर जयवंतदादा हसले असते की नाही, मला ठाऊक नाही. बाबांनी फोन माझ्या हातात धरायला लावून स्वतःचं तोंड जवळ आणलं. त्यांनी ठिपक्याची जागा सांगितली नाहीच. ठिपका, वारा आणि ओहोटी मनात धरून, जयवंतची बोट पोचेपर्यंत 'गंगालक्ष्मी' कुठे असेल ती जागा सांगितली. शब्द ओले होते, पण त्यांनी प्रत्येक शब्द दोनदा सांगितला. शेवटी म्हणाले, "हसा नको. ह्या वेळा ती बरोबर आसा."

ती म्हणजे मी.

त्यानंतरची दुपार कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. मी बंदर पोलिसांना कळवलं, त्यांनी नोंद घेतली. शेजारच्या बायका आल्या, पडवीत बसल्या, ठिपका-ठिपका करणारी कोणी काही बोलली नाही. ठिपका पश्चिमेला सरकत राहिला. कोपऱ्यातला आकडा अगदी तळाला गेला आणि मग स्क्रीन गप्प झाली. पल्ला संपला. शेवटची जागा तेवढी लाल राहिली, आणि ती आता खरोखर थांबलेली होती, कारण तिच्यापुढचं आम्हाला काही कळणार नव्हतं. आई मुक्ताला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या घालत होत्या. एकदाही आत आल्या नाहीत.

ऊन तिरपं झालं तेव्हा स्क्रीन जिवंत झाली. आकडा तळातून एक पायरी वर आला, मग दुसरी. ठिपका पूर्वेला निघाला होता. आणि सत्त्याहत्तर सेंटिमीटरपेक्षा पुष्कळ वेगाने. ओढून आणत होते.

गितेश जेटीवर उतरला तेव्हा त्याचे दोन्ही तळहात सोललेले होते, दिवसभर पाणी उपसून. खडपाच्या धारेने नांगराची दोरी कापली गेली. इंजिन सुरू करायला गेले तर खालून पाणी शिरलेलं, इंजिनही गेलं, मोठी बॅटरी बुडाली, आणि बॅटरीबरोबर वायरलेस मुका झाला. जयवंतदादांनी हे सगळं मला सांगितलं, गितेश नुसता उभा होता. जाताना ते म्हणाले, वैनी, उद्या माजोय ठिपको बघून ठेवा. ह्या वेळी थट्टा नव्हती.

घरी आल्यावर गितेशने तांब्याभर पाणी पिऊन टाकलं. ठिपका कुणी बांधला ते मी लगेच विचारणार नव्हते. थोडा वेळ जाऊ द्यावा असं ठरवलं होतं. त्यानेच सुरुवात केली.

"पहिला तासभर मी निवांत होतो," तो म्हणाला. "दोघा खलाशांना सांगितलं, घाबरू नका रे, माझी बायको बघत्येय. पान हललं तर ती गाव गोळा करते, आता तर अख्खी बोट चाललीय. जयवंत येतोच बघा."

"मग?"

"मग आठवलं."

त्याने हात उलटे करून मांडीवर ठेवले.

"मीच बांधला होता तो. तू अंघोळीला गेलेलीस तेव्हा, केबल लावून. आपलीच जुनी ओळ, एक आकडा बदलून." तो थांबला. "मला वाटलं, नांगरावर असतानाच तो धरून राहील. नांगर सुटलेला असेल हे डोक्यातच आलं नाही. आणि ते दोघं मला विचारतायत, वैनीन बघितलां आसतलां मां? आणि मी म्हणतोय, होय, बघितलं असेल."

राग होता हे आठवतं, हातापायांत, ताप असतो तसा. का, असं मी विचारलं असावं, कारण त्याने मान वर केली आणि माझ्या मागे, दाराकडे बघितलं.

"त्याका इचारू नको," आई म्हणाल्या.

त्या उंबऱ्याशी उभ्या होत्या. मुक्ता खांद्यावर झोपलेली.

"मियाच सांगलंय त्याका. तुका झोप नाय, अंगावर दूद नाय. चेडू रडता आणि तू त्या लाल टिकलेक बघतंस. म्हटलां, होडी बांदतंस मां जेटीक? तसो त्या ठिपक्याक बांदून घाल. ह्या पोराचां पॉट तरी भरांदे." त्यांनी मुक्ताची मान सारखी केली. "ठिपक्याक बांदलां म्हणजे काय बांदलां, ता माका कळाक नाय, गो."

बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. ऐकत होते की नाही कोण जाणे.

कुणी रडलं नाही. मुक्ता उठली, तिला भूक लागली होती. मी तिला घेऊन आत गेले. दूध आलं. आश्चर्यच म्हणायचं, त्या दिवशी भरपूर आलं.

बोट दुरुस्त व्हायला काही दिवस लागले, तोवर पेटीची बॅटरीही संपली, ती बोटीच्या बॅटरीवरच भरते. नवी बॅटरी जोडली त्या सकाळी यंत्रही परत चालू झालं, आणि मी बघितलं तर ठिपका जेटीवर खिळ्यासारखा उभा. मला वाटलं होतं सुटला. पण मी त्या दुपारी जे पाठवलं होतं ते रिसीव्हरच्या वरवरच्या स्मरणात होतं. वीज गेली की ते पुसलं जातं आणि मनात खोल लिहून ठेवलेलं पुन्हा वर येतं. गितेशने फोर-डी खोल लिहिलं होतं. कायमचं करायचं तर शून्य पाठवून त्यावर आणखी एक ओळ पाठवावी लागते: हे लक्षात ठेव.

यंत्र उतरवून घरी आणलं, केबल लावली. दोन्ही ओळी लिहून तयार झाल्या तेव्हा आई शेजारी येऊन बसल्या. लॅपटॉपच्या इतक्या जवळ त्या कधी आल्या नव्हत्या.

"खंयचां बटान?" त्यांनी विचारलं.

मी दाखवलं. त्यांनी तर्जनी नीट पदराला पुसली आणि एंटर दाबला, पिठाचा गोळा दाबतात तसा, अंमळ जास्तच जोरात. हो आलं. दुसऱ्या ओळीसाठी परत दाबला. परत हो आलं. दुपारी पेटी बोटीवर चढली आणि ठिपका जेटीवर भटकायला लागला. बघता बघता पाणी सोडून देवळाच्या छपरावर जाऊन बसला. आई तोंडावर पदर धरून हसल्या. "गेलो बघ. पायसुदा धुवूक नाय."

गितेश पुन्हा खडपावर निघाला त्या पहाटे मी चूल पेटायच्या आधीच पडवीत येऊन बसले. ठिपका जेटी सोडून निघाला होता, थरथरत, मध्येच उडी मारत. मी त्याला भटकू दिलं आणि कोपऱ्यातला आकडा बघत बसले.

मागे पावलं वाजली. आई होत्या. दोन कप चहा घेऊन. एक माझ्यासमोर ठेवला.

मी म्हणाले, तुम्ही कशाला उठलात इतक्या लवकर.

"उठाक कित्याक? निजलंय खंय?" त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, चहात बघत, "लगीन होऊन ह्या घरात इलंय तेव्हापासून, होडी भायर आसताना माका निज नाय. आदी ह्यांची, मगे झिलाची, गितेशाची. म्हटलां, ह्या घरात एका बायकोक तरी लागांदे."

आज मुक्ता शाळेत जाते. ठिपका हलताना दिसला की तिचे बाबा, म्हणजे गितेश, डुलतायत म्हणते. त्या पहाटे ती आत झोपली होती. मी बाकावर जरा सरकले, लॅपटॉप दोघींच्या मधे ठेवला, आणि आईंना दाखवलं, कुठला आकडा उतरायला लागला की मला हाक मारायची ते.